दारावरच्या खिळ्याचं चाक

मिलिंद,

नियम तूच घालून दिला होतास. आधी सगळं ऐकून घ्यायचं आणि मग ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं. दुसरी गोष्ट आता तुझ्याकडून व्हायची नाही. निदान पहिली तरी कर. मधेच हसू नकोस आणि 'विन्या, घाबरटा' म्हणून मला तोडू नकोस. तू गेल्यापासूनच्या दीड महिन्यात माझं काय झालं ते सांगायला दुसरं माणूस नाही. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, झालं ना सगळं ठीक, मग जेवून घ्या.

आपली पहिली भेट आठवते का? आपल्या गाडीवेड्यांच्या ग्रुपवर तू एका जुन्या स्पोर्ट सायलेन्सरचा फोटो टाकला होतास आणि मी वलगावहून दोन तास गाडी हाणत अकोल्यात, पिठाच्या गिरणीमागच्या तुझ्या शेडमध्ये आलो होतो. मला वाटलं, वस्तू बघू, घेऊ, निघू. तू मला एका जुन्या टायरवर बसवलंस, चहा मागवलास आणि त्या सायलेन्सरची कुंडली सांगायला सुरुवात केलीस. तो कुठल्या गाडीला होता, त्या गाडीनं त्याला कुठल्या पुलावर घासलं, किती वेगाला गेलं की शिट्टी मारतो, कुठला नट हातानं बसवायचा, कुठला पान्यानं. अर्धा तास झाला. मी घड्याळाकडे बघत होतो.

मग तू म्हणालास, "आता तू सांग."

मला वाटलं गंमत आहे. गंमत नव्हती. मी सांगितलं, पण तिसऱ्या नटाचे आटे झिजलेत हे विसरलो. तू सायलेन्सर उचललास आणि परत फळीवर ठेवलास. म्हणालास, "पुढच्या रविवारी येजो." मी रिकाम्या हातानं वलगावला परतलो. रस्ताभर तुला शिव्या घातल्या आणि पुढच्या रविवारी पोरं पाढे पाठ करतात तसा तो सायलेन्सर पाठ करून आलो. तू पाठ थोपटलीस तेव्हा मला कशाला इतका आनंद झाला हे मला आजही कळलेलं नाही. तो सायलेन्सर अजून माझ्या गाडीला आहे आणि अजून शिट्टी मारतो.

नवी वस्तू आपल्यासारख्याला परवडायची नाही, आणि परवडली तरी ती इकडे मिळायची नाही. म्हणून कोणाच्या तरी मोडलेल्या गाडीची स्प्रिंग, कोणाचे ब्रेक, कोणाची चाकं तू शोधून आणायचास, साफ करायचास आणि आपल्याच मंडळींना द्यायचास. घेणाऱ्यानं ती पुढे विकली, तर तुझी कुंडली आणि वर स्वतःची भर घालून सांगायची, असा दंडक. त्यामुळे आपल्या वऱ्हाडात गाड्यांचे सुटे भाग सोयरिकीतल्या माणसांसारखे फिरायचे. कोण कोणाकडून आलं, कोणाला काय सोसत नाही, हे सगळ्यांना तोंडपाठ. तहसिलीत दिवसभर कागद हलवणारा तू रविवारी एक अक्षर लिहायला तयार नसायचास. कागदावरचं कोणी वाचत नाही, असं तुझं म्हणणं. डोळ्यात बघून सांगितलेलं मात्र माणसाला नाकारता येत नाही.

आणि इथंच आपलं वाजायचं. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्यांना चिठ्ठ्या लावणारा माणूस. आमच्याकडे चिठ्ठी नसलेली बाटली म्हणजे विष समजायचं आणि ओतून द्यायचं, आत नुसतं पाणी असलं तरी. माझ्या घरी मीठ-साखरेच्या डब्यांवरही चिठ्ठ्या आहेत, त्यावरून सुजातावहिनी आणि माझी बायको मिळून मला किती छळायच्या ते तुला माहीत आहे. मी तुला म्हणायचो, मिलिंद, तुझ्या शेडमध्ये दीडशे बिनचिठ्ठीच्या बाटल्या आहेत. उद्या तुला ताप आला, तू गावाला गेलास, तर कोणती वस्तू चांगली न् कोणती जीवघेणी, कोण सांगेल? तू एक चिंधी घेऊन हात पुसत राहायचास. हात स्वच्छ असले तरी पुसायचास. वाद टाळायचा असला की तुझी ती चिंधी निघायची.

त्या चाकाचा वाद सगळ्यात जुना. दोन वर्षं झाली त्याला. दर्यापूरकडून येताना गाडी तू चालवत होतास. पुलाच्या अलीकडचा खड्डा मी पाहिला आणि ओरडलो. तू म्हणालास, दिसला, आणि मग आपटलास. डावीकडचं पुढचं चाक. काळं, पाच आरांचं, तुझ्या लाडक्या पाचांपैकी एक. आतल्या बाजूला केसाएवढी चीर गेली होती. तू अकोल्यात रेडिएटर जोडणाऱ्या एका माणसाकडून ती वेल्ड करून घेतलीस आणि घासून अशी सपाट केलीस की बोट फिरवलं तरी कळू नये. मी म्हणालो, हे कापून भंगारात टाक. ओतीव चाक जोडलं तरी ते जोडलेलं राहत नाही, एक दिवस वेगात असताना सुटतं. तू म्हणालास, चाक देखणं आहे, मी ते कोणाला देणार नाही, शोभेला टांगीन. आणि खरंच टांगलंस, शेडच्या दारावर आतून एक मोठा खिळा ठोकून. येणारा-जाणारा विचारायचा, ते वरचं देता का. तू नाही म्हणायचास. मला ते प्रत्येक वेळी नको वाटायचं. त्या दाराखालून जाताना मी मान खाली घालून जायचो, जणू ते माझ्याच डोक्यावर पडणार.

आपली शेवटची भेट त्याच्यावरूनच बिघडली. नागपूरहून कोणीतरी आला होता, त्यानं दारावरचं चाक मागितलं आणि तू नाही म्हणायच्या आधी क्षणभर थांबलास. मी ते थांबणं पाहिलं. तो गेल्यावर मी तुझ्यावर तुटून पडलो. इतकं बोलायला नको होतं, पण बोललो. म्हणालो, त्यावर लिहून ठेव, नाहीतर एक दिवस तू कोणाचा तरी जीव घेशील.

तू चिंधीनं हात पुसत म्हणालास, "लिहाचं कायले? मी आहो ना सांगाले."

मी चहा न पिता निघालो. तू दारापर्यंत आलास, मी वळून पाहिलं नाही. त्या आठवड्यात तू दोनदा फोन केलास. दोन्ही वेळा फोन माझ्या हातात होता आणि मी तो वाजू दिला. वाटलं, आठ दिवस झुरू दे जरा. मिलिंद, हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. तिसरा फोन आला तो सुजातावहिनीच्या भावाचा.

तुझ्या जलदान विधीच्या दिवशी मी खिचडी वाढत होतो, म्हणजे कोणाशी बोलावं लागत नाही. वहिनी एकदाच जवळ आल्या आणि म्हणाल्या, "त्या आठवड्यात हे दोनदा विचारे, विनोदचा फोन आला का म्हणून." मी पातेलं घेऊन पुढच्या पंगतीकडे गेलो.

मग वहिनींचा फोन आला की घरमालकाला शेड महिनाअखेर रिकामी हवी आहे. आतलं सामान तुमच्या मंडळींना देऊन टाका, भंगारवाला येऊन वजनावर नेण्यापेक्षा ते बरं. मी ग्रुपवर लिहिलं. रविवार ठरला. आदल्या दिवशी मी अकोल्याला गेलो, तर वहिनींच्या भावानं माझ्या आधीच सगळं खाली उतरवून भिंतीकडेनं ओळीत लावून ठेवलं होतं. भला माणूस, त्यानं फळ्यासुद्धा पुसल्या होत्या. त्या ओळीत काळी चाकं होती. पाच. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, वा, चार आणि एक स्टेपनी, पूर्ण संच आहे. दाराकडे मी पाहिलं नाही. सवयीनं मान खाली घालूनच आत शिरलो होतो.

चाकांवर गिरणीचं पीठ बसून ती राखाडी झाली होती. तुझी चाकं तुझ्या मंडळींच्या हातात अशी कशी द्यायची? मी बाजारातून काळ्या रंगाचे चार फवारे आणले आणि पाचही चाकं आतून-बाहेरून काळी करून टाकली. तू असतास तर आधी रॉकेलनं धुवायला लावली असतीस, मग तारेच्या ब्रशनं, मग परत रॉकेलनं. चाक न धुता रंगवणारा माणूस अंघोळ न करता नवे कपडे घालतो, असं तू मला दहा वेळा सुनावलं असशील. पण मला घाई होती आणि डोळ्यांसमोर नीट दिसतही नव्हतं. बाहेरून तेवढा ओला फडका मारला. आतल्या बाजूला पिठावरच रंग मारला.

रविवारी पस्तीस-चाळीस जण आले. अकोला, अमरावती, मूर्तिजापूर, हिवरखेडचा समीर, तिवशाची प्राजक्ता. शेडसमोर इतक्या गाड्या एकदम उभ्या आणि एकाही गाडीचा आवाज नाही, असं पहिल्यांदाच झालं. कोणीतरी म्हणालं, आधी दोन मिनिटं उभं राहू. आम्ही उभे राहिलो. आणि मिलिंद, ती दोन मिनिटं संपलीच नाहीत. त्यानंतर जो तो हळूच एखादी वस्तू उचलायचा, माझ्याकडे बघून मान हलवायचा, वहिनींना नमस्कार करायचा आणि जायचा. कोणी कुंडली विचारली नाही. मीही सांगितली नाही. ते तुझं काम होतं, तुझ्या जागेवर बसून आपण कसं बोलायचं, असं मला वाटलं आणि त्यांनाही तेच वाटलं असावं. तुझ्या टायरवर कोणी बसलंसुद्धा नाही. जिथून एक नट सांगितल्याशिवाय बाहेर जात नव्हता, तिथून तुझं सगळं सामान आम्ही तुझ्या मानासाठी मुक्यानं बाहेर काढलं. समीरनं चार काळी चाकं नेली. पाचवं प्राजक्तानं मागितलं, तिच्या गाडीला तेच माप बसतं म्हणून. मी स्वतः ते तिच्या डिकीत ठेवलं. वर म्हणालो, जपून ने, रंग ताजा आहे.

पाच दिवस मी बरा होतो. सहाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, कोणीतरी ग्रुपवर फोटो टाकला. ती दोन मिनिटं चालू असताना मागून काढलेला. सगळ्यांच्या माना खाली, पलीकडे शेडचं दार. मी वलगावला आमच्या वाफ्यांजवळ चहा पीत उभा होतो, भाऊ मेथी काढत होता. चेहरे ओळखावेत म्हणून मी फोटो मोठा केला. आणि चेहऱ्यांच्या वर, दारावर, मला तो खिळा दिसला. नुसता खिळा.

चहाचं काय झालं आठवत नाही. भाऊ म्हणतो मी कप मेथीत ठेवून दिला आणि उलट्या दिशेनं चालत सुटलो.

मी वहिनींना फोन केला. त्यांना चाकांतलं काय कळणार, त्या बिचाऱ्या म्हणाल्या, सगळीच काळी होती ना. मग समीरला. समीरनं चारही चाकं गाडीला चढवली होती आणि तो कुटुंबाला घेऊन आकोटला लग्नाला निघतच होता. मी त्याला म्हणालो, गाडी हलवू नको, जॅकवर उचल, मी येतो. तो म्हणाला, अहो पण लग्न. मी त्याच्यावर ओरडलो. मिलिंद, त्या भल्या माणसावर मी ओरडलो. मग प्राजक्ताला. तिचा फोन बंद. मी हिशेब मांडला, पाचांपैकी चार हिवरखेडला, गाडीखाली, आणि आत लहान लेकरं बसणार. एक तिवशाला, ते स्टेपनी म्हणून डिकीत पडलेलं, डिकीतलं चाक कोणाला काय करतं? म्हणून मी तिवशाकडे पाठ केली आणि हिवरखेडची वाट धरली. थिनरचा डबा, तारेचा ब्रश, भिंग. हो, भिंग. प्रयोगशाळेतलं घरी आणलेलं होतं.

समीरचा फोटो स्टुडिओ आहे, घर त्याच्या मागेच. मी पोहोचलो तेव्हा घरची मंडळी दुसऱ्याच्या गाडीनं लग्नाला गेली होती आणि तो एकटा लग्नाच्या कपड्यात, चारही चाकं काढून, मांडून बसला होता. त्यानं एका चाकाच्या आतून नख फिरवलं तर रंग पापडासारखा निघाला, खाली पीठ. तो उठून जुनी फडकी घेऊन आला. आम्ही चारही चाकं थिनरनं पुसली, घासली. मी भिंग लावून एकेक बोट सरकत बघितलं. चार चाकं म्हणजे दोन तास. एकावरही जोड नव्हता.

मी भिंतीला टेकून बसलो. सुटलो, असं मनात आलं. डिकीत आहे ते. समीरनं पाणी दिलं. मग तो जे बोलला त्यासाठी मी त्याला दोष देत नाही.

"विनोदभाऊ, मिलिंदभाई असते तं सांगितल्याबिगर चाक हातात देलं नसतं."

मी म्हणालो, खरं आहे. तो पुढे म्हणाला की डिकीत कुठलं, प्राजक्तानं गुरुवारी ग्रुपवर फोटो टाकला ना. त्यानं फोन उघडून दाखवला. लाल गाडी, मागचं डावं चाक काळं, पुढचं चंदेरी. तुला ती दादाच म्हणायची. खाली तिनं लिहिलं होतं, आजपासून दादा रोज माझ्यासोबत शाळेत येणार.

तो फोटो मीही पाहिला होता, मिलिंद. त्यावर मी हात जोडलेली खूण टाकली होती.

प्राजक्ता रोज तिवशाहून अमरावतीला शाळेत शिकवायला येते-जाते. नागपूर रस्ता, मोठे ट्रक, आणि तिची गाडी तर तूच वेगवान करून दिलेली. हिवरखेड ते अमरावती मी कसा आलो हे मला विचारू नकोस. दर दहा मिनिटांनी गाडी बाजूला घेऊन फोन लावत होतो. बंद. निरोप टाकला, एकच खूण उमटली. रस्त्यात कुठे चार माणसं उभी दिसली की वेग कमी करून बघायचो. आकोटच्या पुढे रस्त्यावर एक ट्रॅक्टर आडवा झालेला, गर्दी जमलेली, आणि तिथे तिचा काही संबंध नाही, ती पार दुसऱ्या टोकाला आहे हे ठाऊक असूनही मी उतरून बघून आलो. तुझ्यावर भयंकर चिडलो होतो मी. दोन शब्द, दोन शब्द लिहिले असतेस तर. मी आहो ना सांगाले म्हणे. कुठे आहेस? सांग ना आता. हे मी मोठ्यानं म्हणत होतो, काचा वर करून, रडत. मग वाटायचं, खिळा रिकामा होता हे मी पाहिलं नाही. रंग मी मारला. डिकीत मी ठेवलं. तू तर ते चाक दोन वर्षं कोणाला दिलं नव्हतंस. ते देणारा माणूस मीच.

वलगावच्या फाट्यावर तिचा फोन आला. म्हणाली, शाळेत फोन कपाटात बंद असतो, आत्ताच सुटली, तुमचे सतरा फोन दिसून राहिले, वहिनी बऱ्या आहेत ना? मी विचारलं, तू कुठं आहेस. म्हणाली, गावाबाहेर पंपावर, हवा भरून राहिली.

"कोणत्या चाकात?"

"दादाच्या. रोजच कमी होते. व्हॉल्वचं असेल."

मी तिला म्हणालो, गाडीतून उतर. चावी खिशात घाल. गाडीजवळ उभीसुद्धा राहू नको. ती घाबरली, आणि मला ते बरं वाटलं. आपल्यापैकी कोणीतरी आधी घाबरायला हवं होतं.

पंपाच्या कडेला लिंबाखाली ती पर्स मांडीवर घेऊन बसली होती. धडधाकट, पायात चपला, केसात फूल. मी तिच्याकडे बघतच राहिलो, तर तिला वाटलं मला चक्कर येते आहे, तिनं मलाच हाताला धरून खाली बसवलं. मग आम्ही चाक काढलं. मी ते पालथं घातलं आणि थिनरचा फडका फिरवला. आतला रंग पिठासकट सोलून आला आणि काळ्या चिखलाखालून तो जोड दिसला. जोडाच्या कडेनं नवी चीर होती. माझ्या अंगठ्याएवढी लांब, नखाची कड आत जाईल इतकी उघडी. प्राजक्तानं नख घालून पाहिलं आणि हात मागे घेतला. सकाळी ती ट्रकला मागे टाकून आली होती, तिनंच सांगितलं, हळू आवाजात.

मी फडका पुढे फिरवत राहिलो. काम संपलं होतं, पण हात थांबत नव्हता. जोडाच्या समोरच्या बाजूला, जिथं ओरखडा पडला तरी चाकाला धोका नाही अशा जागी, रंगाखाली काहीतरी खरबरीत लागलं. मला वाटलं, अजून एक चीर. भिंग लावलं. चीर नव्हती. अक्षरं होती. खिळ्यानं कोरलेली, तुझी ती उजवीकडे कललेली, तहसिलीतली. खाचांत पांढरं पीठ भरलेलं, त्यामुळे पाटीवर खडूनं लिहावं तशी उमटली.

तू आयुष्यात लिहिलेली ती एकुलती एक कुंडली, मिलिंद. आणि मी तिच्यावर रंग मारला होता.

मला कळतं आता की तू फोन कशाला केलास. आणि हेही कळतं की तू ते आतल्या बाजूला का लिहिलंस. बाहेरून लिहून देखण्या चाकाचा चेहरा बिघडवणं तुझ्यानं झालं नसतं, आणि शेवटी ते चाक कोणाच्या हाती पडलंच, तर तो ते लावायच्या आधी धुणारच, हे तू धरून चालला होतास. आपल्या मंडळींपैकी कोणी न धुता रंग मारेल, असं तुझ्या स्वप्नात आलं नसेल. तुला ज्या विन्याची खात्री होती तो त्या शनिवारी शेडमध्ये नव्हता. याचं मला जन्मभर वाईट वाटेल आणि ते वाटू दे, तू समजूत घालू नकोस.

मला डोळ्यांना दिसेना, तेव्हा प्राजक्ता म्हणाली, काय लिहिलंय, वाचा ना. मी तिला चाकासमोर बसवलं. पंपावरचा माणूस चहा घेऊन आला. मी तिला आधी सगळी कुंडली सांगितली, खड्ड्यापासून, पुलापासून, दारावरच्या खिळ्यापासून, तू सांगायचास तशी, काही न गाळता, माझा फवाराही न गाळता. शेवटी तुझी ओळ वाचून दाखवली. पुढे 'आता तू सांग' म्हणायचं असतं, ते माझ्या तोंडून निघेना.

तिनं ते मागू दिलं नाही. ओढणीनं डोळे पुसले, पाठ ताठ केली आणि पहिल्यापासून म्हणून दाखवलं, एकही नट न चुकता. शेवटची ओळ तिनं जशीच्या तशी म्हटली, तुझ्याच बोलीत, चाकावर हात ठेवून.

"आतून जोड आहे. गाडीले लावू नये. विन्या म्हणे ते खरं होतं."